सावली वाचणारे डोळे

वसई रोड स्टेशनाबाहेर पडले, की औषधांच्या दुकानांच्या जोडीला तपासणी केंद्रांच्या पाट्या दिसू लागतात. तेथून भले मोठे पाकीट घेऊन निघालेला माणूस हमखास एक गोष्ट करतो. आतली काळी फिल्म उजेडाकडे धरतो आणि आपल्याला काही कळत नाही हे ठाऊक असूनही बराच वेळ पाहत राहतो. ती खरोखर वाचणारा डॉक्टर त्याला बहुधा दिसलेलाच नसतो. सोनोग्राफी सोडली, तर त्या डॉक्टरालाही रोगी क्वचितच दिसतो. हल्ली चित्र वसईत निघते आणि त्याचे वाचन भलत्याच शहरात होते.

ज्याला आपण पाहिले नाही, त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य असते का?

1895 साली रंटगेनने क्ष-किरण शोधले आणि पत्नीच्या हाताचे, बोटातल्या अंगठीसकट, चित्र घेतले. पुढे अनेक वर्षे डॉक्टर यंत्राची ताकद आपलाच हात मध्ये धरून अजमावीत. कित्येकांची बोटे गेली, कित्येकांचे प्राण गेले. 1936 साली हँबर्ग येथे त्यांचे स्मारक उभारले गेले. ती इजा डोळ्यांना दिसणारी होती, म्हणून तिच्यावर शिशाचा पडदा आला, नियम आले. आजची इजा दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत दिवसभर शेकडो सावल्या पाहून मन शिणते, आणि शिणलेल्या मनाचे स्मारक कोण उभारणार?

2013 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. फुप्फुसातील गाठी शोधण्यासाठी 24 तज्ज्ञांना चित्रे दिली. त्यांतल्या काही चित्रांत एका गोरिलाची आकृती मुद्दाम बसविली होती, साधारण गाठीच्या 48 पट मोठी. 24 पैकी 20 जणांना ती दिसली नाही. नजरेचा माग घेतला, तेव्हा त्यांतले बरेचसे नेमके तिथेच पाहत होते असे आढळले! ही माणसे आळशी नव्हती, अडाणी तर मुळीच नव्हती. दृष्टी आणि लक्ष या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि लक्ष हे खर्च होणारे धन आहे.

मग कुणी सुचवील, की चित्राशेजारी रोग्याचा चेहरा ठेवावा. इस्राएलमध्ये 2008 च्या सुमारास तसे करूनही पाहिले. चेहरा दिसल्यावर माणूस अधिक जवळचा वाटला, असे डॉक्टरांनी सांगितले. कल्पना गोड आहे. पण शंभराव्या चेहऱ्यापाशीही त्याने पहिल्याइतकेच कळवळावे, ही अपेक्षा मला क्रूर वाटते. त्याच्याकडे करुणा मागण्याआधी आपण त्याला सवड देतो का? विरारहून लोकल नेणाऱ्या मोटरमनच्या कामाचे तास बांधलेले असतात, कारण मागे भरलेली गाडी असते. वाचकाच्या मागेही तशीच गाडी असते; फक्त तिचा आवाज त्या खोलीत येत नाही.

आता यंत्र मदतीला आले आहे. स्वीडनमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीत 80,000 स्त्रियांवर झालेल्या पाहणीत यंत्राच्या साहाय्याने डॉक्टरांचे वाचनाचे काम 44 टक्क्यांनी हलके झाले आणि रोग सापडण्यात उणीव आली नाही, असे 2023 साली प्रसिद्ध झाले. आनंदाची गोष्ट आहे. परंतु हा वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडणार, हे यंत्र ठरवीत नाही. त्यात दुप्पट चित्रे कोंबता येतील, किंवा एखादे शंकास्पद चित्र पुन्हा एकदा निवांत पाहता येईल.

अपघात किंवा पक्षाघात असेल तर घाई हवीच. तिथे मिनिटांचा हिशेब असतो. पण एरवी खिडकीवरची मुलगी "अहवाल उद्या सकाळी मिळेल" म्हणते, तेव्हा आपल्या कपाळाला आठी पडते. पलीकडच्या पाटीवर 'तासाभरात अहवाल' असे लिहिलेले असते, आणि पुढच्या खेपेला आपण तिकडे जातो.