पाटणच्या मठाचे तेल

खानदेशात व्याख्यानमालांचा हंगाम सुरू झाला की एक विधान हमखास कानावर येते: गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनने नव्हे, आपल्या पाटणच्या भास्कराचार्यांनी लावला. टाळ्या पडतात. यंदा एका वक्त्याने त्यात न्यूटनच्या चोरीचीही भर घातली. चोरीचा माल इंग्लंडला पोचला कसा, हे विचारायला सभागृहात कोणी उठले नाही. मीही उठलो नाही; म्हणून हा लेख.

पृथ्वी जड वस्तूंना स्वतःच्या शक्तीने ओढते, असे ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात आहे, हे खरेच. पण ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात त्याच अर्थाचे लिहून ठेवले होते. मग चोरीच्या खटल्यात पहिला आरोपी कोण? शिवाय वस्तू खाली ओढली जाते हे सांगणे वेगळे, आणि फळाला खाली आणणारी ओढच चंद्राला कक्षेत धरते, अंतर दुप्पट झाले की ती चौथाईवर येते, हे गणिताने दाखवणे वेगळे. न्यूटनचे १६८७ सालचे काम ते दुसरे.

मिरवायचेच तर दुसरे काही आहे. एका पूर्णांकाच्या वर्गाला ६१ने गुणून त्यात १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, असा पूर्णांक शोधा. शून्य सोडले तर सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८०. फर्माने १६५७ साली हे कोडे युरोपातल्या गणित्यांपुढे टाकले. भास्कराचार्यांनी ते पाचशे वर्षे आधी चक्रवाल रीतीने सोडवले होते. यावर टाळ्या पडत नाहीत, कारण ऐकताना आकडेमोड करावी लागते.

लीलावतीची गोष्ट मात्र सर्वांना पाठ. भास्कराचार्यांच्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त, घटिकापात्रात पडलेला मोती, टळलेली वेळ. ती आपल्याकडे आली अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केलेल्या, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथाच्या फारसी अनुवादातून. मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी! न्यूटनला चोर म्हणणारेच फैजीची कथा आपल्या पूर्वजांची ठेव म्हणून सांगतात.

पाटणादेवीच्या डोंगराखाली, चाळीसगावजवळ, एक शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्यात भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर आहे, नातू चांगदेव आहे; मुलीचा उल्लेख नाही. (वंशावळी मुलींना वगळतातच, त्यामुळे यावरून ती नव्हतीच असेही ठरत नाही.) भास्कराचार्य पाटणलाच जन्मले, असेही हा शिलालेख म्हणत नाही. तो सांगतो ते याहून नवलाचे आहे. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि १२०७ साली निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे, ज्ञानेश्वरीच्याही आधीच्या. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणारा कर मठाला दिला. तेलाच्या घाण्यांवरही मठाचा हिस्सा ठरला. गणिताच्या शाळेचा खर्च बाजारातून! आजच्या एखाद्या बाजार समितीत असा ठराव मांडून बघावा.

हे लिहिताना मीही वक्त्यासारखा फुगू लागलो होतो. पण शिलालेखातली अट पुन्हा वाचावी. मठात शिकवायचे काय? भास्कराचार्यांचे आणि त्यांच्या वंशातल्यांचे ग्रंथ. बस. आणि स्वतः भास्कराचार्य कसे होते? आठव्या शतकातल्या लल्लाने गोलाच्या पृष्ठफळाचे सूत्र चुकवले, तर त्यांनी त्याची गय केली नाही. परीघ गुणिले व्यास हे बरोबर सूत्र दिले. पूर्वसूरींचे चुकले तर तसे लिहिणाऱ्या माणसाच्या नावाने नातवाने जे उभे केले, ते घराण्याचे पारायणकेंद्र होते, अशी शंका येते.

भाष्य म्हणजे गुलामी नव्हे, असा आक्षेप यावर घेता येईल आणि तो बिनतोड आहे. नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ साली ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ लिहिली, तेव्हा तो नुसते श्लोक उलगडत बसला नाही. भास्कराचार्यांनी दिलेल्या रीती बरोबर का येतात याच्या उपपत्ती देत गेला. पण हा नांदगाव कोकणातला. पाटणच्या मठातून असा कोणी निघाला की नाही, याचा उल्लेख शिलालेखात असणार नाही. तो दान देतानाचा कागद आहे, निकालपत्रक नव्हे. प्रश्न एवढाच, की पाटणच्या एखाद्या विद्यार्थ्याला भास्कराचार्यांचीच चूक सापडली असती, तर मठाने त्याला दिव्यापुरते तरी तेल दिले असते का?