मुलाची नाममुद्रा

वारकऱ्याच्या घरी मूल बोबडे बोलू लागले की त्याच्या जिभेवर आधी नाम येते आणि मग हरिपाठ. दिवेलागणीला आजोबांच्या मांडीला मांडी लावून ते अभंग म्हणते आणि ऐकणाऱ्याला धन्य वाटते. ही पूर्वपुण्याई खरीच. पण त्याच मुलाला शाळेत ‘तुझ्या मनचे चार शब्द लिही’ म्हटले की ते अडते. पेन्सिल चघळीत बसते, नाहीतर गाइडातला निबंध उतरून काढते. पाठ केलेले धडाधडा म्हणणारे हे लेकरू स्वतःचे बोलायच्या वेळी मुके का व्हावे? आणि त्याला बोलते करणे आपल्या परमार्थात बसते की नाही? या प्रश्नाचा थोडा विचार करू.

पनवेल हे पूर्वीपासून वाटांचे गाव. मुंबईची वाट, पुण्याच्या घाटाची वाट आणि गोव्याकडची वाट येथे मिळतात. २०१६ साली येथे महानगरपालिका झाली. आज या भागातल्या शाळेत एकाच बाकावर आगरी-कोळी घरचे मूल, कातकरी वाडीवरचे मूल आणि घाटावरून पोटापाण्यासाठी आलेल्यांचे मूल बसते. प्रत्येकाने वेगळे जग पाहिलेले. पण ‘माझा आवडता ऋतू’ असा विषय दिला की वर्गभर वह्यांतून एकच कोकिळा गाते आणि एकच आंबा मोहरतो. ज्याच्या घरी थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरून पोपटी लावतात, त्याच्या वहीत पोपटी नाही. ज्याचा आजा मिठागरात राबला, त्याच्या वहीत मीठ नाही. अहो, का नाही? तर हेही लिहिण्याजोगे आहे असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. एखादा घरचा शब्द चुकून वहीत आलाच, तर त्याच्याखाली लाल रेघ पडते. एकदा दोनदा रेघ पडली की मूल शहाणे होते आणि आपले घर वहीबाहेर ठेवायला शिकते.

चांगदेवांची कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. ज्ञानदेव वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार लिहावा, हे त्यांना ठरवता येईना. मायनाच सुचेना, म्हणून त्यांनी कागद कोरा धाडला. एवढ्या मोठ्या योग्याला शब्दांचा काय तुटवडा होता? अडवले ते मायन्याने. आपल्या मुलांचेही असेच होते. बाईंना काय आवडेल, परीक्षेत काय लागेल, बाबा काय म्हणतील, या घोळात कागद कोरा राहतो. मुक्ताबाई तो कोरा कागद पाहून हसल्या, ही कथा सर्वांच्या ध्यानात असते. पुढचा भाग मात्र आपण भरभर सांगून मोकळे होतो. निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना उत्तर लिहावयास सांगितले आणि पासष्ट ओव्यांची चांगदेवपासष्टी झाली. सांगणारा वडीलधारा होता, म्हणून कोऱ्या कागदातून ग्रंथ निघाला.

आता याच निवृत्तिनाथांची दुसरी गोष्ट पाहा. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये पुरी झाली. माउलींचा जन्म शके ११९३ चा धरा की ११९७ चा, वय विशीच्या आतच येते. म्हणजे ज्या ग्रंथापुढे आपण माथा टेकतो, तो एका कोवळ्या मुलाने सांगितला. गीतेच्या सातशे श्लोकांवर नऊ हजारांवर ओव्या! आपल्यापैकी कोणीही त्या मुलाला ‘शाबास’ म्हणून थांबला असता. परंपरा सांगते की निवृत्तिनाथ थांबले नाहीत. ही टीका झाली, आता तुझा स्वतंत्र अनुभव सांग, अशी त्यांनी आज्ञा केली आणि त्यातून अमृतानुभव झाला. गुरूही तेच, वडील बंधूही तेच, आणि आज्ञा कोणती, तर आता तुझे बोल!

येथे क्रम ध्यानात घ्यावा. आधी गीता, मग तिच्यावरची टीका, आणि त्यानंतर स्वतःचे. म्हणून पाठांतर सोडा असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसत नाही. ज्याच्या कानात संतांची वाणी मुरली, त्याच्या जिभेला शब्दाची चव कळते. आळंदीस जोगमहाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. तेथून किती कीर्तनकार तयार झाले! पाठांतर सर्वांचे सारखेच. पण कीर्तनास उभे राहिल्यावर अभंग संतांचा आणि निरूपण आपले असावे लागते. कोणी दुसऱ्याचे कीर्तन घोकून आला, तर ते गावच्या म्हातारीलाही ओळखू येते. तात्पर्य, पाठांतर ही पायरी आहे. पायरीवर बसून राहण्यासाठी कोणी पायरी बांधीत नाही.

हा दाखला फार जुना वाटत असेल, तर शेजारचाच घ्या. पनवेलला लागून असलेल्या पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ साली विनोबांचा जन्म झाला. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता वाचायची होती. संस्कृत येईना, आणि मुलाने आणून दिलेले मराठी भाषांतरही जड जाई. यापेक्षा सोपे मिळत नाही असे मुलाने सांगितले, तेव्हा ती माउली म्हणाली की मग तूच का करीत नाहीस? बस, एवढेच. पुढे १९१८ साली ती गेली. १९३० साली विनोबांनी गीताईला हात घातला आणि १९३१ साली ती पुरी केली. आईच्या जाण्यानंतर बारा वर्षांनी तिचा शब्द उगवला. तिच्याजवळ शाळेची विद्या फारशी नव्हती, पण आपले मूल हे करू शकेल हा भरवसा होता. भरवशाला कुठली पदवी लागते?

येथे कोणी शंका घेईल की, ‘महाराज, आपला पंथ मीपण सोडायला सांगतो आणि तुम्ही मुलांना मी-मी करायला शिकवता!’ शंका रास्त आहे. पण संतांची नाममुद्रा पाहा. प्रत्येक अभंगाच्या शेवटी नामा, जनी, चोखा, तुका आपले नाव घालतात. तो अहंकार असता तर आपण ते अभंग उराशी धरले असते का? मुद्रा म्हणजे साक्षीदाराची सही. मी हे पाहिले, सोसले, आणि त्याची जबाबदारी माझी, असा तिचा अर्थ. स्वप्नात नामदेवांनी तुकोबांना कवित्वाची आज्ञा केली अशी कथा आहे. म्हणून तुकोबांनी नामदेवांची मुद्रा लावली काय? त्यांनी आपल्या वाण्याच्या दुकानाचे, शेताभाताचे आणि दुष्काळात होरपळलेल्या घराचे शब्द आणले. उलट दुसऱ्याच्या अभंगाला आपले नाव जोडणारा सालोमालो त्यांना खपला नाही. खरा अहंकार उसन्या शब्दांच्या आड लपतो. विनोबा तरुणपणी कविता करीत आणि मनासारखी उतरली की अग्नीला अर्पण करीत. आवाज स्वतःचा होता, पण मिरवणे नव्हते. मुलाला हे दोन्ही शिकवता येते. त्याचे लिहिणे पाहुण्यांपुढे नाचवू नये आणि बक्षिसाच्या काट्यावर तोलू नये, म्हणजे मीपणाला खतपाणी मिळत नाही.

याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. मूल खरेच आपल्या आवाजात बोलू लागले आणि ते आपल्याला रुचले नाही तर? चोखोबांचा मुलगा कर्ममेळा आठवा. बाप, आई सोयराबाई, आत्या निर्मळा, मामा बंका, सारे घर अभंग करणारे. मुलाने बापाचीच वाणी गिरवली असती तर कोणी नावे ठेवली नसती. पण कर्ममेळ्याचा सूर निराळा निघाला. आम्हांला हीन जातीत का घातलेस, उष्ट्यावर का जगवलेस, असे तो देवाला धारेवर धरतो. आणि विशेष हे की आपल्या संप्रदायाने ते अभंग टाकले नाहीत. सकलसंतगाथेत बापाच्या वाणीबरोबर मुलाचे गाऱ्हाणेही आहे. पांडुरंगाला जे ऐकून घेता आले, ते आपल्याला ऐकवत नाही काय?

हा प्रश्न पनवेलकडे नुसता पोथीतला नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी या तालुक्यातली उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी गावे उठली. २०२५ साली विमानतळाचे उद्घाटन झाले. समजा, त्यातल्या एखाद्या घरच्या नातीने ‘माझे गाव’ या विषयावर लिहिले की मला विमान आवडते, पण आजी अजून जुन्या घराचा उंबरठा आठवून रडते. त्या वाक्याचे आपण काय करणार? ‘असले रडगाणे लिहू नये, मार्क जातील’ असे म्हणून खोडणार, की घटकाभर जवळ बसून पुढे काय झाले ते विचारणार? आणि तीच नात उद्या लिहील की बाबा वारीला जातात, पण घरी आल्यावर आईवर ओरडतात. मग? मुलाचा आवाज हवा म्हणणाऱ्याने ही तयारी ठेवलीच पाहिजे. गोड तेवढेच ऐकायचे असेल, तर ते ऐकणे झाले नाही.

बरं, मग करायचं काय? फार काही नको. ज्ञानदेव बोलत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे लिहून ठेवीत. या मंडळींची थोरवी अशी की त्यांनी आपला शब्द मधे घातला नाही. आईबापांनी असा लेखक व्हावे. मूल लहान आहे, हात वळत नाही, तर ते बोलेल तसे आपण उतरून घ्यावे. ते ‘आजी’ला जे म्हणत असेल तेच लिहावे. मासा जिताडा असेल तर जिताडाच राहू द्यावा. मोठे मूल असेल तर ‘छान लिही’ म्हणण्याऐवजी ‘तू काय पाहिलेस?’ असे विचारावे. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी पाहावे, पहिल्या दिवशी फक्त ऐकावे. टाळकरी कीर्तनकाराच्या मागे उभा राहतो, साथ देतो, पण त्याच्यावर आवाज चढवीत नाही. घरच्या वडीलधाऱ्यांची जागा तीच.

यातून प्रत्येक मूल कवी होईल असे नाही, आणि तशी गरजही नाही. पण ज्याला लहानपणी खरे शब्द सापडले, त्याला मोठेपणी देवापुढे उभे राहून खरे बोलता येईल. ज्याची सारी भाषा उसनी, त्याची प्रार्थनाही उसनीच राहते.

असो. आज संध्याकाळी हरिपाठ आटोपला की टाळ लगेच खुंटीला लावू नका. मुलाला जवळ घ्या, एक कोरा कागद पुढे ठेवा आणि म्हणा, ‘संतांचे झाले, आता तुझे सांग.’ मग मात्र आपण गप्प बसा.