जळजळ कोण मोजणार?

रोझेशिया हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नगण्य. संशोधन युरोप-अमेरिकेने करावे, औषधे आपण वापरावीत, असे शिकली-सवरली माणसेही बिनदिक्कत म्हणतात. आकडे त्यांच्या बाजूने दिसतात. पण हे आकडे तयार कसे होतात, याकडे कोणी पाहत नाही.

या आजारात गाल, नाक, कपाळ, हनुवटी लालसर होते, चेहरा तापतो, फोड उठतात. निदानाचा सगळा भर लालीवर. गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर तीच झाकली जाते आणि कागदावर मुरुमे किंवा ॲलर्जी लिहिली जाते. जे ओळखलेच नाही, ते मोजणीत येणार कसे?

छत्रपती संभाजीनगरच्या पडेगावातली एखादी गृहिणी घ्या. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला. भर दुपारी स्कूटीवरून छावणीपर्यंत जाऊन आली की तिच्या तोंडाची आग होते. संध्याकाळी भाकरी भाजताना तव्याची धग लागली की पुन्हा तेच. ठेच्याच्या घासाने, गरम चहानेही तेच. ऊन, उष्णता, तिखट, गरम पेये ही रोझेशिया भडकवणारी कारणे वैद्यकाला चांगली माहीत आहेत. पण ही गृहिणी ओपीडीत पोहोचते तेव्हा चेहरा निवलेला असतो. त्वचेवर काचपट्टी दाबली तर फिका पडणारा भाग लाली उघड करतो. गर्दीत तेवढी सवड क्वचितच मिळते.

मधल्या काळात मेडिकलवरून ट्यूब येते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील १२ केंद्रांवरच्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारींच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइडची मलमे लावत होते. या मलमांनीही रोझेशियासारखा चेहरा होतो. २०१८ साली केंद्राने अशी १४ मलमे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत घातली. तरीही ट्यूब कोणी सुचवली, किती महिने लावली, बंद केल्यावर काय झाले, हे रुग्णच सांगू शकतो. ‘आपल्याकडे हा आजारच नाही’ म्हणणाऱ्यांनी त्याला हे विचारले आहे काय?

हे विचारायचे तर इथेच संशोधन हवे. संशोधनात रुग्णाचा गिनिपिग होतो, ही भीती निराधार नव्हती. म्हणूनच नीतिसमिती, समजून-उमजून दिलेली संमती आणि भरपाई कायद्याने बंधनकारक झाली. आणि या आजाराला निव्वळ सौंदर्याचा प्रश्न म्हणणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे, की रोझेशिया डोळ्यांतही उतरतो.

खरा भेद दिसणारा आजार आणि जाणवणारा आजार यांत आहे. २०१७ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय निकषांत चेहऱ्याच्या मध्यभागी कायम राहणारी लाली एकटीच निदानाला पुरते. जळजळ मात्र दुय्यम लक्षणांत. गोऱ्या त्वचेपुरता हा क्रम कदाचित योग्य असेल. सावळ्या त्वचेवर जळजळ हाच पहिला पुरावा ठरू शकतो आणि तो कोणत्याही कॅमेऱ्यात येत नाही. म्हणून रक्ताचा नमुना आणि फोटो देणे एवढ्याने रुग्णाचा संशोधनातला सहभाग पुरा होत नाही. त्याची रोजची नोंद हे संशोधनाचे साधन मानले पाहिजे. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या श्वेता असोसिएशनने कोड असलेल्यांना एकत्र आणून बोलते केले; रोझेशियाच्या रुग्णांनाही तसे व्यासपीठ हवे.

संभाजीनगरच्या घाटीसारख्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांनी साध्या मराठीत प्रश्नावली करून ही सुरुवात करावी. आणि ज्यांचा चेहरा वारंवार तापतो, त्यांनी वेळ, ऊन, जेवण आणि लावलेली ट्यूब वहीत लिहून ती त्वचारोगतज्ज्ञांपुढे ठेवावी. अभ्यासात बोलावले, तर सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला नोंदणी क्रमांक विचारून घ्यावा आणि जरूर सहभागी व्हावे.