उत्तरावरून ज्ञानाचे अनुमान: जपानमधील इंग्रजीची परीक्षा आणि एक जुना तर्कप्रश्न

दुसऱ्या व्यक्तीच्या ठिकाणी असलेले ज्ञान कोणालाही प्रत्यक्ष दिसत नाही. ते तिच्या बोलण्यावरून, वागण्यावरून किंवा कागदावर तिने केलेल्या खुणांवरून ताडावे लागते. परीक्षा नावाची संस्था या ताडण्यावरच उभी असल्यामुळे परीक्षेविषयीचा कोणताही वाद, मग तो गुणांचा असो वा प्रश्नपत्रिकेच्या स्वरूपाचा, मुळाशी गेले की प्रमाणशास्त्राचा, म्हणजे यथार्थ ज्ञान कोणत्या साधनांनी मिळते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा, वाद ठरतो. उच्च माध्यमिक शाळेतील इंग्रजीच्या परीक्षेत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो, कारण तेथे श्रवण, व्याकरण आणि शब्दसंग्रह ही अंगे सुटी करून मोजण्याची प्रथा आहे, आणि भाषा येणे ही गोष्ट अशी सुट्या अंगांची बनलेली असते की नाही याविषयी तत्त्वज्ञांमध्येच एकमत नाही. या प्रश्नाचा तपास करण्यासाठी जपानइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल, कारण तेथे या परीक्षेची रचना गेल्या अर्धशतकात अनेकदा बदलली आणि जवळजवळ प्रत्येक बदलावर जाहीर वाद झडले.

जपानमध्ये राष्ट्रीय व सार्वजनिक विद्यापीठांच्या प्रवेशासाठी देशभर एकच प्राथमिक परीक्षा घेण्याची पद्धत १९७९ मध्ये सुरू झाली. १९९० ते २०२० या काळात तिला सेंटर परीक्षा म्हणत आणि २०२१ पासून तिची जागा सामाईक परीक्षेने घेतली. जानेवारीच्या मध्यावर, ऐन थंडीत, दोन दिवस चालणाऱ्या या परीक्षेला सुमारे पाच लाख विद्यार्थी बसतात. इंग्रजीची परीक्षा बराच काळ केवळ लेखी होती. २००६ मध्ये तिला ३० मिनिटांच्या आणि ५० गुणांच्या श्रवणचाचणीची जोड मिळाली, तरी लेखी भागाचे २०० गुण कायमच राहिले. २०२१ मध्ये मात्र वाचनाला १०० आणि श्रवणाला १०० अशी सरळ बरोबरी झाली, आणि शब्दाचा उच्चार, आघात, रिकाम्या जागी योग्य रूप भरणे, विस्कटलेले शब्द क्रमाने लावणे असे व्याकरणाचे व शब्दज्ञानाचे सुटे प्रश्न प्रश्नपत्रिकेतून गेले. वरवर पाहता ही शिक्षणखात्याची कारभारी बाब वाटते. प्रत्यक्षात मात्र भाषेचे ज्ञान म्हणजे काय याविषयीची एक भूमिका सोडून दुसरी पत्करल्याचा तो निर्णय होता.

अनुमानाची चिकित्सा न्यायदर्शनाने जितक्या बारकाईने केली तितकी फार थोड्या परंपरांनी केली असेल. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, या अनुमानात धूर हा हेतू, म्हणजे ज्याच्यावरून अनुमान करायचे ती खूण, आणि अग्नी हे साध्य. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी या अव्यभिचारी संबंधाला व्याप्ती म्हणतात. परीक्षक हेच करतो: बरोबर उत्तर हा त्याचा हेतू आणि विद्यार्थ्याचे ज्ञान हे साध्य. चार पर्यायांपैकी एक निवडायचा असेल तर काहीही न कळलेला विद्यार्थीसुद्धा चारांत एकदा बरोबर उत्तर देऊ शकतो, आणि साध्य नसतानाही जो हेतू आढळतो त्याला नैयायिक सव्यभिचार हेत्वाभास, म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण भरवशाचा नसलेला हेतू, म्हणतात. मात्र या दोषावर उपाय आहे, कारण प्रश्नांची संख्या वाढवली की नुसत्या अंदाजाने मिळणाऱ्या यशाची शक्यता झपाट्याने घटते. खरी अडचण उलट दिशेने येते. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो, हे तर्कग्रंथांतले नेहमीचे उदाहरण आहे. अग्नीपासून धूर निघायला ओले सरपण लागते, आणि अशा छुप्या अटीला उपाधी म्हणतात. भाषा येत असूनही परीक्षेत उत्तर न आलेला विद्यार्थी हा तो लोखंडी गोळा होय, आणि आवाजाची स्पष्टता, शांत खोली, प्रश्नाच्या साच्याची सवय, त्या अर्ध्या तासातले मनाचे स्थैर्य हे सारे ओले सरपण.

श्रवणचाचणीची जपानी व्यवस्था पाहिली की तिच्या रचनाकारांना उपाधीची ही अडचण नेमकी कळली होती असे दिसते. वर्गातल्या ध्वनिवर्धकाजवळ बसलेल्याला नीट ऐकू येते आणि मागच्या बाकावरच्याला प्रतिध्वनी ऐकू येतो, हा भेद नाहीसा करण्यासाठी २००६ पासून प्रत्येक उमेदवाराच्या हाती एक छोटे ध्वनियंत्र आणि इअरफोन दिला जातो. आवाज किती मोठा ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे. यंत्र बिघडले तर त्या उमेदवाराला त्याच दिवशी, तुटलेल्या प्रश्नापासून पुढे, पुन्हा ऐकण्याची सोय असते. ज्यांच्या कानाच्या ठेवणीमुळे इअरफोन बसत नाही त्यांना आधी अर्ज करून हेडफोन घेता येतो, आणि ज्यांची श्रवणशक्ती फार क्षीण आहे त्यांना या भागातून सूटही मिळते. कोरियात तर प्रवेशपरीक्षेतील इंग्रजी श्रवणाच्या वेळी देशातल्या विमानतळांवरची उड्डाणे व उतरणी सुमारे ३५ मिनिटे थांबवतात. पाच लाख लोकांना एकच ओले सरपण समप्रमाणात वाटण्याचा हा प्रयत्न आहे आणि त्याच्या नेकीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण मनाचे स्थैर्य कोणत्याही यंत्रातून वाटता येत नाही.

ही उणीव परीक्षार्थींना तर्कशास्त्र न शिकताही ठाऊक असते. परीक्षेच्या दिवसांत जपानी विद्यार्थी तेन्जिन या विद्येच्या देवाच्या देवळात जातात आणि एमा नावाच्या लाकडी पाटीवर हव्या असलेल्या विद्यापीठाचे नाव लिहून ती तेथे टांगतात. हा देव मुळात सुगावारा नो मिचिझाने हा चिनी विद्येत पारंगत असलेला दरबारी पंडित. ९०१ मध्ये त्याला क्यूशू बेटावरील दाझाइफू येथे धाडून देण्यात आले, ९०३ मध्ये तेथेच तो वारला, आणि पुढे राजधानीवर कोसळलेल्या आपत्ती त्याच्या कोपामुळे आल्या असे मानून त्याला देवत्व देण्यात आले. अन्यायाने पदच्युत झालेल्या विद्वानाकडे गुणवत्तेच्या न्याय्य मोजणीसाठी साकडे घालावे, यातली विसंगती भक्तांना खुपत नाही, आणि खुपण्याचे कारणही नाही. या प्रार्थनेला अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, परंतु भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगताना अधिष्ठान, कर्ता, करण आणि चेष्टा यांच्यानंतर पाचवे दैव सांगितले आहे, आणि त्याचा अर्थ एवढाच घेतला की कर्त्याच्या हातात नसलेले काहीतरी फलात नेहमी शिल्लक राहते, तर एमा टांगणारा विद्यार्थी परीक्षेच्या अनुमानातील फट परीक्षकापेक्षा प्रामाणिकपणे मान्य करतो असे म्हणावे लागते.

व्याकरण आणि शब्दसंग्रह यांच्या सुट्या चाचणीचा प्रश्न याहून खोल आहे, कारण तेथे हेतू भरवशाचा आहे की नाही यापेक्षा साध्य मुळात अस्तित्वात आहे की नाही अशी शंका येते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट लाडो यांनी १९६१ मध्ये भाषापरीक्षणावर जो ग्रंथ लिहिला त्यात भाषेचे ध्वनी, रचना, शब्द असे घटक पाडून एका प्रश्नाने एकच घटक तपासावा, अशी भूमिका होती; १९७० च्या दशकात जॉन ओलर यांनी तिच्याविरुद्ध, भाषिक क्षमता ही एकसंध असून तिचे तुकडे मोजून ती मोजली जात नाही, असा पक्ष मांडला आणि पुढे तोही अतिरेकी होता हे स्वतःच कबूल केले. हा वाद भारतीय वाचकाला ओळखीचा वाटेल, कारण भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त वाक्य हेच अर्थाचे अखंड एकक मानले असून पद, प्रकृती, प्रत्यय हे विभाग अपोद्धाराने, म्हणजे विश्लेषणासाठी बुद्धीने उपसून काढलेले, आहेत असे म्हटले आहे, ऐकणाऱ्याला अर्थ कळतो तो प्रतिभेने, एका झटक्यात. या मताप्रमाणे शब्दसंग्रह नावाची वस्तू भाषा जाणणाऱ्याच्या मनात वेगळी साठवलेली नसते, ती शिक्षकाच्या वहीत असते. जपानमध्ये ती वही अक्षरशः छापून विकली गेली: १९३५ मध्ये योशिओ आकाओ यांनी काढलेला खिशात मावणारा शब्दसंग्रह आणि १९६७ मध्ये इचिरो मोरी यांनी परीक्षेत येणाऱ्या शब्दांचे केलेले पुस्तक यांवर विद्यार्थ्यांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. परीक्षेत येण्याची शक्यता हाच ज्याच्या निवडीचा निकष, तो शब्द भाषेचा कमी आणि परीक्षेचा जास्त असतो.

तरीही भर्तृहरीच्या आधाराने सुट्या प्रश्नांना सरसकट हद्दपार करणे ही घाई ठरेल. त्यानेच असेही मानले आहे की शिकणाऱ्यासाठी असत्य वाटेवरूनच सत्याकडे जावे लागते, म्हणजे विभाग काल्पनिक असले तरी उपाय म्हणून अपरिहार्य असतात. प्रश्न एवढाच उरतो की उपायाची परीक्षा घ्यायची की उपेयाची, म्हणजे त्या उपायाने जे गाठायचे त्याची. आणि १७-१८ वर्षांचा विद्यार्थी अजून वाटेवर आहे की मुक्कामाला पोहोचला आहे, हे ठरवल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

जपानमध्ये हाच मुद्दा १९७४-७५ मध्ये वेगळ्या भाषेत गाजला. वातारू हिराइझुमी या संसदसदस्याने असा प्रस्ताव मांडला की विद्यापीठप्रवेशातून परकीय भाषा काढून टाकावी आणि लोकसंख्येच्या सुमारे पाच टक्के लोकांना ती कसून, वापरता येईल इतकी शिकवावी. सोफिया विद्यापीठातील प्राध्यापक शोइची वातानाबे यांनी ‘शोकुन’ मासिकात त्याला उत्तर देताना व्याकरण आणि भाषांतर यांची बाजू घेतली: परक्या भाषेतील अवघड वाक्य उलगडताना विद्यार्थ्याची झटापट खरे तर स्वतःच्या मातृभाषेशी होते आणि त्यातून बुद्धी घडते, मग पुढे त्याला इंग्रजी बोलता येवो अथवा न येवो. वातानाबेंचा युक्तिवाद आज जुनाट मानला जातो, परंतु तो दिसतो तितका दुबळा नाही, कारण त्यात परीक्षेचे साध्यच बदललेले आहे. तेथे इंग्रजी हा केवळ हेतू असून ज्याचे अनुमान करायचे ते विद्यार्थ्याची चिकाटी व विचाराची शिस्त हे आहे. त्याची दुर्बलता दुसरीकडे आहे. शिस्तच तपासायची तर संस्कृत, गणित किंवा अभिजात चिनी यांपैकी काहीही चालले असते, इंग्रजीच का, याला त्याच्याजवळ समाधानकारक उत्तर नाही. दुसऱ्या बाजूची व्यवहारातली गत फारशी बरी झाली नाही: १९८९ च्या अभ्यासक्रमाने उच्च माध्यमिक शाळांत ओरल कम्युनिकेशन, म्हणजे तोंडी संवाद, हा विषय आणला आणि तो १९९४ पासून लागू झाला, तेव्हा अनेक शाळांनी त्या तासाला व्याकरणच शिकवले आणि शिक्षक त्याला थट्टेने ओरल कम्युनिकेशन जी, म्हणजे ग्रामर, म्हणू लागले. प्रवेशपरीक्षा जे विचारीत होती तेच वर्गात उतरले; अभ्यासक्रमाचा शब्द परीक्षेपुढे टिकला नाही.

श्रवणाला शंभर गुण देण्यामागे ही चूक सुधारण्याची इच्छा होती, पण श्रवण म्हणजे काय हा प्रश्न तिने सुटलेला मानला. शाब्दबोध, म्हणजे शब्दांवरून होणारे अर्थज्ञान, घडण्यासाठी नैयायिकांनी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी, म्हणजे पदांची परस्परांची अपेक्षा, अर्थांची सुसंगती आणि उच्चारातील जवळीक, यांबरोबर तात्पर्याचे, म्हणजे वक्त्याच्या अभिप्रायाचे, ज्ञान आवश्यक मानले. पहिल्या तीन गोष्टी ध्वनिमुद्रणातून तपासता येतात. चौथीचा मात्र तेथे केवळ आभास असतो, कारण इअरफोनमधील स्त्री आणि पुरुष उपाहारगृहात काय मागवावे याची चर्चा करतात ती एकमेकांसाठी नसून तिसऱ्या प्रश्नासाठी करतात. ज्याला काही सांगायचेच नाही अशा वक्त्याचे तात्पर्य विद्यार्थ्याने शोधायचे, आणि न कळल्यास ‘काय म्हणालात?’ असे विचारायचे नाही. सामाईक परीक्षेत काही संवाद एकदाच ऐकवतात, आणि जीवनात बोलणे एकदाच ऐकू येते असे त्याचे समर्थन केले जाते. परंतु जीवनात ऐकणाऱ्याला पुन्हा विचारण्याचा हक्कही असतो, तो वगळून उरते ते अर्धेच जीवन. प्रत्यक्ष समोर बसून बोलणाऱ्या परीक्षकाकडे हा दोष नसतो, पण पाच लाख उमेदवारांना पाच लाख वेगवेगळे संवाद मिळाले तर सारखेपणा संपतो. येथे दोन मूल्ये समोरासमोर येतात: परीक्षा जितकी सर्वांना सारखी करावी तितकी ती खऱ्या श्रवणापासून दूर जाते, आणि खऱ्या श्रवणाच्या जितकी जवळ न्यावी तितकी ती असमान होते.

२०१९ मध्ये या ओढाताणीला राजकीय रूप आले. बोलणे आणि लिहिणेही तपासले जावे म्हणून खासगी संस्थांच्या इंग्रजी चाचण्यांचे निकाल प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याची सरकारची योजना होती. शुल्क भरमसाट, केंद्रे बहुतेक शहरांत, आणि बेटांवर वा डोंगराळ भागांत राहणाऱ्यांना प्रवासाचा भुर्दंड वेगळा. शिक्षणमंत्री कोइची हागिउदा यांनी ऑक्टोबरमध्ये दूरचित्रवाणीवर, उमेदवारांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे प्रयत्न करावा, अशा आशयाचे विधान केले आणि संताप उसळला. १ नोव्हेंबर २०१९ रोजी योजना पुढे ढकलण्यात आली आणि २०२१ मध्ये ती सोडूनच देण्यात आली. चार कौशल्यांचे अधिक खरे चित्र आणि दोन कौशल्यांची अधिक समान मोजणी यांतून जपानी समाजाने दुसरी निवडली. ती निवड नैतिक होती, आणि तिला ज्ञानमापनाचे शास्त्र म्हणून सादर न करता न्यायाचा आग्रह म्हणूनच मांडले असते तर वाद निदान योग्य जागी झाला असता.

शंभरास शंभर या बरोबरीलाही म्हणूनच निसर्गसिद्ध आधार नाही, आणि विद्यापीठांनी ते लगेच दाखवून दिले. टोकियो विद्यापीठाने या २०० गुणांची वाटणी आपल्यापुरती वाचनाला १४० आणि श्रवणाला ६० अशी केली, इतरांनी आपापली प्रमाणे ठरवली, आणि त्यामुळे एकाच विद्यार्थ्याचे एकाच दिवशीचे इंग्रजी दोन विद्यापीठांच्या दारात दोन वेगळ्या किमतीचे ठरू लागले. यात फसवणूक नाही. कायद्याचे वा इतिहासाचे जाडजूड ग्रंथ वाचायला लावणाऱ्या विद्यापीठाने वाचनाला झुकते माप द्यावे, परदेशी पाहुण्यांशी बोलण्याचे काम शिकवणाऱ्या संस्थेने श्रवणाला द्यावे, हे समजण्यासारखे आहे. मात्र त्या मापावरून कोणाला इंग्रजी अधिक येते हे ठरवण्याचा अधिकार दोघींपैकी एकीलाही पोहोचत नाही.