माशांच्या आधी पाणी

मननासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती १:१-२८, नीतिसूत्रे १२:१०, मत्तय १०:२९

शब्बाथशाळेत सृष्टीच्या निर्मितीचा पाठ घेताना आपण सहा दिवसांची यादी मुलांकडून म्हणवून घेतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. यादीतला क्रम मात्र नजरेतून निसटतो. पाणी अगदी आरंभापासून आहे. दुसऱ्या दिवशी ते विभागले जाते, तिसऱ्या दिवशी एकत्र जमते. पण त्यात पोहणारा पहिला जीव येतो तो पाचव्या दिवशी. तोवर उजेड, अंतराळ, वनस्पती, ऋतू ठरवणाऱ्या ज्योती, सारे आपापल्या जागी बसलेले असते. आणखी एक गोष्ट मुलांना जरूर दाखवावी. पवित्र शास्त्रातला पहिला आशीर्वाद जलचरांना व पाखरांना मिळाला आहे; माणसाची पाळी त्यानंतर आली. आणि माणसाला सत्ता दिली गेली तेव्हा त्या सत्तेच्या यादीत पहिले नाव समुद्रातील माशांचेच आहे.

हे मनात येण्याचे कारण अगदी घरगुती आहे. आपल्या मंडळ्यांतील कित्येक घरांत काचेची पेटी आली आहे, आणि ज्यांना हौस जरा अधिक ते पहिल्याच पेटीत डिस्कस ठेवण्याचे मनात आणतात. मासा आहेच तसा. ताटलीसारखा गोल व चपटा, पूर्ण वाढला की पंधरा-वीस सेंटिमीटरचा, चाल संथ, अंगावर असे रंग की पाहणारा बोलायचा थांबतो. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन व तिला मिळणाऱ्या नद्यांत. हेकेल नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४० साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. रिओ निग्रो, म्हणजे काळी नदी, हिचे पाणी कुजलेल्या पानांमुळे कोऱ्या चहाच्या रंगाचे असते, उबदार असते, आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात. आज दुकानांत मिळणारे बहुतेक डिस्कस माणसाने पैदास केलेले असतात व ते थोडेफार जड पाणी सोसतात. तरी ऊब त्यांना हवीच. पाणी २८ ते ३० अंशांवर राहिले पाहिजे. ग्वाल्हेरच्या जानेवारीत हीटर नसेल तर हा मासा जगणार नाही, आणि तिथल्याच मे महिन्यात पेटी खिडकीजवळ असेल तर पाणी भलतेच तापून त्यातला प्राणवायू कमी होईल.

आता पेटीविषयी. डिस्कस एकटादुकटा ठेवू नये. दोन-तीनच असले तर दांडगा मासा दुबळ्याला कोपऱ्यात दाबतो. तो बिचारा काळवंडतो व अन्न सोडतो. पाच-सहा लहान मासे एकदम आणावे. त्यांच्यासाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटी घ्यावी. तीत सुमारे अडीचशे लिटर पाणी मावते, आणि त्या पाण्याचेच वजन अडीचशे किलो होते. तेव्हा दिवाणखान्यातल्या नाजूक टेबलावर तिची जागा नाही. तळाशी वाळू घालू नये. उघडी काच ओकीबोकी दिसते खरी, पण नवख्याला ती स्वच्छ ठेवता येते. स्पंजचा फिल्टर, हवेचा पंप, हीटर आणि एक साधा तापमापक, एवढ्यावर काम भागते. शंख, पुतळे व रंगीत गोटे यांचा खर्च वाचवावा, असे आमचे मत आहे.

यानंतर जे करायचे ते बहुतेकांना जमत नाही, कारण त्यात काहीच करायचे नसते. थांबायचे असते. मासा श्वासावाटे व विष्ठेवाटे पाण्यात अमोनिया सोडतो, उरलेले अन्न कुजूनही तोच तयार होतो, आणि तो माशाला विष आहे. पाणी जितके ऊन आणि क्षारयुक्त तितके हे विष प्रखर, हे दख्खनच्या बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्या आपल्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावे. फिल्टरच्या स्पंजावर हळूहळू एक प्रकारचे जीवाणू वस्ती करतात व अमोनियाचे नायट्राइट बनवतात. तेही विषच. मग दुसऱ्या प्रकारचे जीवाणू येतात व त्याचे नायट्रेट करतात, जे पुष्कळ सौम्य असते आणि पाणी बदलून काढून टाकता येते. ही अदृश्य वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पैशाने हा काळ फारसा आखूड होत नाही.

पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते, "आधी दहा-वीस रुपयांचे साधे मासे सोडा. मेले तर मेले. पाणी तयार झाले की महागाचे आणा." बंधुभगिनींनो, या सल्ल्यापाशी आम्हांला थांबावेसे वाटते. पाणी अशाने खरोखर तयार होते. सल्ला खोटा नाही. पण प्रभूने शिष्यांना पित्याच्या काळजीविषयी सांगितले तेव्हा बाजारातली सर्वांत स्वस्त चीज हाती घेतली. चिमण्या दमडीच्या भावाने जात होत्या, आणि त्यांतली एकही पित्याच्या नकळत खाली पडत नव्हती. बाजाराने लावलेली किंमत आणि पित्याने ठेवलेली दखल यांचा मेळ बसत नाही, हेच तर तिथे शिकवायचे होते. मग आपल्या घरातल्या मुलाने काय पाहावे? सहा दिवसांत सहा गप्पी उलटे तरंगले, ते चमच्याने काढून मोरीत टाकले, आणि वडील म्हणाले, "ते त्याचसाठी होते." त्या मुलाला उत्पत्तीचा पहिला अध्याय तोंडपाठ असेल, सत्ता या शब्दाचा अर्थ मात्र तो त्या चमच्यावरून शिकला.

आणि हे टाळणे कठीणही नाही. मासे न घालता पेटी चालू करावी, फिल्टर व हीटर सुरू ठेवावे, आणि रोज चिमूटभर माशांचे खाद्य रिकाम्या पाण्यात टाकावे. ते कुजते, अमोनिया होतो, जीवाणूंना आहार मिळतो. तपासणीचे थेंब दुकानात मिळतात. प्रथम अमोनिया चढतो, मग तो उतरतो व नायट्राइट चढते, मग खाद्य टाकत असतानाही दोन्ही शून्यावर येतात व नायट्रेट दिसू लागते. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हे वर्गात करून पाहावे. सहा रविवार पाण्याशिवाय काही दिसणार नाही, मुले कुरकुर करतील, पण दर रविवारी एक जण वहीत आकडे लिहील. एक सूचना. स्पंज नळाखाली धुऊ नये. क्लोरीनने ती वस्ती मरते. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा. वीज तासन्‌तास जात असेल तर बॅटरीवर चालणारा पंप जवळ असावा, कारण या जीवाणूंनाही प्राणवायू लागतो.

थोडे परखड बोलणे भाग आहे. डिस्कसचे पाणी दर आठवड्याला निदान तिसरा हिस्सा, पुष्कळदा निम्मे बदलावे लागते. म्हणजे ऐंशी ते सव्वाशे लिटर. ज्या वस्तीत नळ दोन दिवसांआड येतो व उन्हाळ्यात टँकरपुढे घागरींची रांग लागते, तिथे ही पेटी मांडण्याआधी कुटुंबाने एकत्र बसून विचार करावा. काढलेले पाणी झाडांना उत्तम, हे खरे. पण शेजारणीच्या घागरीपुढे ते उत्तर अपुरे पडते. अशा घराने डिस्कसची हौस सोडली तर त्यांनी नीतिसूत्रांतला तो नीतिमान मनुष्य अधिक ओळखला, असे आम्ही म्हणू.

ज्यांना जमते त्यांना पुढे एक दुर्मिळ गोष्ट पाहायला मिळू शकते. डिस्कसची पिले पोहू लागली की आईबापांच्या अंगावरच चरतात; त्यांच्या कातडीवर जो स्राव येतो तेच पिलांचे अन्न. आई व बाप दोघेही हे काम पाळीपाळीने करतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की दोनेक आठवडे ते पिलांना असे पोसतात, आणि तिसऱ्या आठवड्यापासून हळूहळू त्यांच्यापासून दूर पोहू लागतात. दूध तोडणाऱ्या आईसारखेच. ही काळजी पाण्यात कोणी घातली, हे वर्गात विचारायला हरकत नाही.

मासे आणाल त्या दिवशी पिशवी बंदच ठेवून अर्धा तास पेटीत तरंगू द्यावी. मग तिच्यात पेटीचे पाणी थोडेथोडे मिसळावे आणि मासे जाळीने अलगद सोडावे. पिशवीतले पाणी पेटीत ओतू नये. दिवा त्या दिवशी लावू नये, अन्नही देऊ नये. ते बहुधा एका कोपऱ्यात दाटीने उभे राहतील, काळपट दिसतील. मुलांनी काचेवर टकटक करू नये. बसायचे असेल तर जरा लांब, जमिनीवर बसावे.