व्यासपीठाची अमानत





रबीउल अव्वलचा महिना आला की गावोगावी सीरतचे जलसे भरू लागतात. मंडप उभे राहतात, कर्णे बांधले जातात आणि दूरदूरच्या वक्त्यांना निमंत्रणे जातात. विषयही बहुधा ठरलेले असतात: इस्लाम आणि आजचा समाज, मुस्लिम आणि राजकारण, आपली संस्कृती आणि नवी पिढी. गेली काही वर्षे मीही अशा व्यासपीठांवरून बोलत आलो आहे. आज मात्र मला आपल्याशी बोलायचे आहे ते या बोलण्याविषयीच. व्यासपीठ ही एक अमानत आहे, आणि तिचा हिशेब वक्त्याला जसा द्यावा लागणार आहे तसा श्रोत्यालाही, हे मला एका चुकीतून शिकावे लागले.

आधी सफा टेकडीचे स्मरण करू या. जवळच्या आप्तांना सावध करण्याचा आदेश झाल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) मक्केतील सफा टेकडीवर चढले आणि त्यांनी कुरैशच्या एकेका घराण्याला हाक मारली. लोक जमले तेव्हा प्रेषितांनी (स.) उपदेशाआधी एक प्रश्न केला. या डोंगरामागे घोडदळ आहे आणि ते तुमच्यावर चालून येत आहे असे मी सांगितले, तर तुमचा विश्वास बसेल काय? लोकांनी एकमुखाने होकार दिला, कारण त्यांच्या तोंडून खोटे असे त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. त्यानंतरच संदेश दिला गेला. अबू लहबने तो धुडकावला, इतरही पांगले. परंतु हा मनुष्य खोटे बोलतो असे त्या क्षणी कोणालाही म्हणता आले नाही. चाळीस वर्षांचे सचोटीचे आयुष्य त्या काही वाक्यांच्या पाठीशी उभे होते.

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्याच्या गावी 'इस्लाम आणि सामाजिक न्याय' या विषयावर माझे भाषण होते. मला महाविद्यालयात मराठी शिकवणारे सरही माझ्या आग्रहावरून आले होते आणि दुसऱ्या रांगेत बसले होते. भाषण अर्ध्यावर आले तेव्हा श्रोते थोडे सैलावल्यासारखे वाटले. त्याच दिवशी दुपारी माझ्या फोनवर एक संदेश आला होता की, तेथील बाजारातील नव्या गाळ्यांच्या यादीतून आपल्या लोकांची नावे काढून टाकण्यात आली आहेत. मी ती गोष्ट शहानिशा न करता, आवाज चढवून सांगितली. मंडप तकबीरने दणाणला. मलाही ते आवडले, हे मान्य केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी कळले की यादी तयारच झालेली नव्हती. गाळ्यांचे वाटप सर्वांसाठीच पुढे ढकलले गेले होते. बातमी खोटी होती आणि तिला खरेपणाचा शिक्का मी मारला होता.

चार दिवसांनी त्या गावचे एक वयस्क शेतकरी माझ्याकडे आले. वीस वर्षे ते एकाच आडत्याकडे कांदा घालत होते. आडत्या हिंदू, हे मुसलमान. पण लग्नकार्याला एकमेकांकडे जाणे-येणे होते आणि पेरणीच्या वेळी उचल नुसत्या शब्दावर मिळत असे. माझे भाषण ऐकून ते दुसऱ्या दिवशी आडत्याच्या पेढीवर गेले आणि चारचौघांत नको ते बोलले. "इमामसाहेब," ते मला म्हणाले, "तुम्ही मिंबरवरचे माणूस. तुम्ही बोललात म्हटल्यावर मी खरे-खोटे कशाला बघू?"

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मदरशात मी सूरह हुजुरातची सहावी आयत तोंडपाठ केली होती. कोणी दुर्वर्तनी मनुष्य बातमी घेऊन आला तर तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पस्तावाल, असा तिचा आशय आहे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे एवढेही मनुष्याला खोटारडा ठरवण्यास पुरेसे आहे, या आशयाची हदीसही मी इतरांना अनेकदा ऐकवली होती. ज्ञान होते, व्यासपीठावर उभा असताना त्याचा धाक उरला नव्हता.

पुढच्या जुम्याला मी त्याच गावी गेलो. तेथील इमामसाहेबांच्या परवानगीने, अरबी खुतब्याआधीच्या बयानात उभे राहून, माझे ते विधान चुकीचे होते आणि ते मी पडताळणी न करता केले होते, असे सांगितले. त्यावर अर्थातच कोणी तकबीर दिली नाही. नंतर त्या शेतकरी चाचांसोबत आडत्याकडेही गेलो. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतले. व्यवहार पुन्हा सुरू झाला आहे. मात्र उचल घेताना आता कागदावर सही करावी लागते. ती सही माझ्या भाषणाची किंमत आहे, आणि ती दुसराच मनुष्य मोजतो आहे.

वाचकहो, यावरून कोणी म्हणेल की मग मौलवींनी राजकारणावर बोलूच नये. मला तसे वाटत नाही. अन्यायाविरुद्ध बोलणे हे आपले कर्तव्य आहे. गाळे खरोखरच नाकारले गेले असते, तर कागदपत्रांनिशी, संबंधितांची नावे घेऊन बोलणे मला आवश्यकच होते. प्रश्न बोलावे की नाही हा नसून कसे बोलावे हा आहे. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत अल्लाहने ईमानवंतांना बजावले आहे की, एखाद्या समूहाविषयीचा द्वेष तुम्हाला न्यायापासून ढळवू न देवो. ही आज्ञा न्यायाधीशांइतकीच वक्त्यांनाही लागू आहे, कारण हजार लोकांसमोर एखाद्या समाजाविषयी बोलणारा मनुष्य एक प्रकारे निवाडाच देत असतो.

हजरत अबू बक्र (रजि.) खलीफा झाले तेव्हाचे त्यांचे पहिले भाषण अगदी लहान आहे. मी तुमचा प्रमुख झालो असलो तरी तुमच्यातील सर्वश्रेष्ठ नाही. चांगले वागलो तर मदत करा, चुकलो तर मला सरळ करा, असा त्याचा आरंभ आहे. सत्ता हाती आलेल्या मनुष्याने पहिल्याच भाषणात स्वतःला जाब विचारण्याचा हक्क लोकांना दिला. आपल्या व्यासपीठांवर मात्र निवडणूक जवळ आली की जाब विचारण्याऐवजी हारतुरे दिसू लागतात. उमेदवाराने धर्माच्या नावावर मते मागणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार भ्रष्टाचार ठरतो, हे आयोजकांनी ध्यानात ठेवावेच. पण कायद्याच्याही आधी हा मिंबरच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. वस्तीतील पाणी, शाळा, रेशन, दवाखाना यांविषयी प्रत्येक उमेदवाराला सारखेच प्रश्न विचारा. मिंबर कोणालाही भाड्याने देऊ नका.

राजकीय भाषणाचे एक उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासातही आहे. मौलाना अबुल कलाम आझाद १९४२ ते १९४५ या काळात आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. त्याच मौलानांनी फाळणीनंतर, ऑक्टोबर १९४७ मध्ये, दिल्लीच्या जामा मशिदीत भयभीत मुसलमानांसमोर भाषण केले. त्या दिवशी लोकांच्या भीतीला आणि संतापाला फुंकर घालून टाळ्या मिळवणे सोपे होते. मौलानांनी आपल्याच लोकांना त्यांच्या चुका सुनावल्या, पळून जाणाऱ्यांना थांबवले आणि ही भूमी तुमचीही आहे याची आठवण दिली. ऐकणाऱ्यांना ते कडू लागले असेल. पण त्या भाषणामुळे कोणाचे शेजाऱ्याशी भांडण झाले नाही.

संस्कृतीविषयी बोलताना मला हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांची आठवण होते. मक्केतील छळाला कंटाळून मुसलमानांनी हबशाला, म्हणजे अबिसीनियाला, हिजरत केली. कुरैशचे दूत नजराणे घेऊन त्यांच्या पाठोपाठ ख्रिस्ती राजा नजाशीच्या दरबारात पोहोचले. परका देश, परका धर्म, आणि बोलण्यावर सर्वांचे प्राण अवलंबून. अशा वेळी हजरत जाफर (रजि.) यांनी सुरुवात केली ती आपल्याच समाजाच्या दोषांपासून. आम्ही मूर्तिपूजा करीत होतो, मेलेले जनावर खात होतो, नाती तोडत होतो, आमच्यातला बलवान दुर्बळाला गिळत होता. मग आमच्यात एक प्रेषित आला आणि त्याने आम्हाला सत्य बोलण्यास, अमानत जपण्यास व शेजाऱ्याशी चांगले वागण्यास शिकवले. त्यानंतर त्यांनी सूरह मरियमचा आरंभ पठण केला आणि राजाचे डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी हजरत ईसा (अलै.) यांच्याविषयीचा अवघड प्रश्न आला, तेव्हाही त्यांनी राजाला खूश करण्यासाठी आपली श्रद्धा लपवली नाही. नम्रता आणि स्पष्टपणा एकाच भाषणात कसे नांदतात, हे तेथे शिकावे.

आज आपल्या जलशात शेजारच्या आळीतील हिंदू बांधव किती असतात? आणि आले तर त्यांना किती समजते? प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्या भाषेतच संदेश घेऊन आला, हे सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीत सांगितले आहे. प्रेषितांनी (स.) हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले होते, तेव्हा दुसऱ्याची भाषा शिकणे ही सुन्नतच्या विरोधातली गोष्ट नव्हे. आणि मराठी तर आपल्यासाठी दुसऱ्याची भाषाही नाही. आपली मुले तिच्यात शिकतात, आपल्या आया-बहिणी तिच्यात बाजारहाट करतात. उर्दूचा गोडवा मला प्रिय आहे; पण ज्या मुलाला बयानातील निम्मे शब्द कळत नाहीत, त्याच्यापर्यंत दीन पोहोचवण्याची जबाबदारी माझी आहे, त्याची नव्हे.

आता श्रोत्यांविषयी, म्हणजे आपणा सर्वांविषयी. कान, डोळे आणि हृदय या प्रत्येकाला जाब विचारला जाईल, असे सूरह बनी इस्राईलची छत्तिसावी आयत सांगते. तेव्हा दोन तासांच्या भाषणातील अर्ध्या मिनिटाचा तुकडा फोनवर आला तर तो पुढे पाठवण्याआधी थांबा. वक्त्याने माहिती दिली तर ती कोठून मिळाली हे अदबीने विचारा. खुतबा चालू असताना मौन बंधनकारक आहे. पण जलशानंतर प्रश्नांना बंदी नाही. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि शांतपणे ऐकून घेण्याची सवय महाराष्ट्राच्या अंगवळणी पडत गेली. ती सवय आपलीही आहे. आपल्या जलशात शेवटची वीस मिनिटे प्रश्नांसाठी राखून ठेवता येतील. स्त्रियांनी विनंती केल्यावर प्रेषितांनी (स.) त्यांच्यासाठी स्वतंत्र दिवस नेमला होता, निदान पडद्यापलीकडे आवाज नीट पोहोचतो की नाही एवढे तरी आयोजकांनी पाहावे, आणि त्यांचे प्रश्न चिठ्ठीवर मागवावेत.

वेळेचेही भान हवे. नमाज दीर्घ आणि खुतबा संक्षिप्त असणे हे समजूतदारपणाचे लक्षण आहे, असे हदीसमध्ये आले आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास कायद्याने बंदी आहे. शेजारी आजारी असेल, कोणाच्या मुलाची दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल. आणि ज्या जलशामुळे वक्त्याची व श्रोत्यांची फजर चुकते, त्या जलशाने प्रेषितप्रेम वाढवले असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

त्या रात्री सर भाषण संपण्याआधीच उठून गेले होते. माफी मागण्यासाठी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुझी मराठी चांगली झाली आहे रे. म्हणूनच जास्त जपून वापर." तेव्हापासून व्यासपीठावर चढताना मी हजरत मूसा (अलै.) यांची दुआ करतो. फिरऔनकडे जाण्यापूर्वी त्यांनी छाती खुली होण्याची आणि जिभेची गाठ सुटण्याची याचना केली होती. आणि त्या जुलमी राजाशीही मृदुपणे बोलण्याची आज्ञा त्यांना झाली होती. आपल्यासमोर तर फिरऔन नसतो, शेजारीच असतात.

यंदाच्या जलशात आपण श्रोते म्हणून बसाल, तेव्हा कदाचित व्यासपीठावर मी असेन. मी शहानिशा न केलेले काही बोललो तर तकबीर देऊ नका. खाली उतरल्यावर मला विचारा.

अल्लाह आपल्या जिभांना सत्याची आणि कानांना पारखण्याची तौफीक देवो, आणि आपल्या शब्दांमुळे ज्यांचे नुकसान झाले त्यांची भरपाई करण्याची हिंमत देवो. आमीन.