अर्थ, धर्म आणि हापूसची पेटी

बागायतदाराने आपल्या मालासाठी दूरची बाजारपेठ शोधणे हा लोभ की स्वधर्म, या प्रश्नाचा विचार करताना भारतीय परंपरेने अर्थाला पुरुषार्थ, म्हणजे मानवी जीवनाच्या चार उद्दिष्टांपैकी एक, मानले आहे आणि भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कृषी व वाणिज्य ही एकाच वर्गाची स्वाभाविक कर्मे म्हणून (अर्थात वर्णव्यवस्थेच्या चौकटीत) सांगितली आहेत, हे ध्यानात घ्यावे लागते. त्यामुळे विक्री निषिद्ध ठरत नाही. कसोटी लागते ती विक्रीतील सत्याची. २०१८ मध्ये कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे प्रदेशाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभले. परंतु परप्रांतीय आंबा त्या नावाने विकणारा व्यापारी जसा दोषी, तसाच पेटीच्या वरच्या थरात मोठी फळे मांडून तळाशी पेंढ्यात लहान किंवा डागी फळे दडवणारा बागायतदारही दोषी ठरतो.

याहून अवघड मुद्दा कर्मफळाचा आहे. रूढ कर्मसिद्धांतानुसार ज्याचे कर्म त्यालाच फळ. पण फळमाशीमुळे युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्याची आयात थांबवली, तेव्हा निर्दोष माल पाठवणाऱ्यांनाही तो बाजार बंद झाला आणि जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवण्याचा निर्णय होईपर्यंत त्या हंगामाचा उरलेला काळ हातचा गेला. बाजारातील पत सामायिक असते, म्हणून तेथील धर्मही सामायिकच मानावा लागेल, आणि व्यक्तिनिष्ठ कर्मविचार त्यासाठी अपुरा पडतो.